आतोबांचा नाकारलेला क्लेम, बीमा भरोसा आणि भोपाळचे विमा लोकपाल

आधी निकाल सांगते. आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीनं नाकारला असेल आणि कागद तुमच्या बाजूनं असतील, तर विमा लोकपालांकडे जाच. फी एक पैसा नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. नियामकाचं ‘बीमा भरोसा’ हे पोर्टल त्याच्या अलीकडची पायरी. तीही चढावी, पण तिथे न्यायनिवाडा होत नाही हे ठाऊक असू द्या, म्हणजे तिथून कंपनीचंच उत्तर परत आलं की माणूस हातपाय गाळून बसत नाही. आमच्याकडे बहुतेक लोक नेमके तिथेच थांबतात.

इंदूरला रामबागेत माझं एमपी ऑनलाइनचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी ऑनलाइन सेवांचं कियोस्क आहे. समग्र आयडी, जातीचे दाखले, परीक्षांचे फॉर्म, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, हे रोजचं काम. दोन-तीन वर्षांपासून विम्याच्या तक्रारी घेऊनही लोक यायला लागले. नाकारलेल्या क्लेमचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि विचारतात, ताई, १८१ लावू का? सीएम हेल्पलाइन नळ, रस्ते, राशन यांसाठी ठीक आहे. मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत रांग लावणारेही पाहिलेत. पण विमा हा राज्याचा विषयच नाही, केंद्राचा आहे. त्याचा नियामक म्हणजे आयआरडीएआय, १९९९ च्या कायद्यानं आलेला, मुख्यालय हैदराबादला. राज्यापुरतं जवळचं दार हवं असेल तर ते विमा लोकपालांचं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ या दोन्ही राज्यांसाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे.

आता आमची केस. माझे आतोबा, वय ६८, लोकमान्य नगरला राहतात. जानेवारी २०२५ मध्ये पहाटे छातीत दुखलं, आत्यानं शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, अँजिओग्राफी झाली आणि त्याच दिवशी एक स्टेंट टाकला. पॉलिसी होती, कॅशलेसचा अर्जही दवाखान्यानं पाठवला. कंपनीनं आधी कागद मागितले, मग कॅशलेस नाकारलं. बिल झालं २,८६,४०० रुपये. आत्यानं एफडी मोडली. घरी आल्यावर रीइम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेलं बिल परत मागण्याचा क्लेम टाकला, तोही नाकारला. कारण लिहिलं होतं की विमेदारानं १० वर्षांपासूनचा रक्तदाब पॉलिसी घेताना लपवला.

कंपनीचं आणि दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. मला त्यांच्याशी भांडण वाढवायचं नाही, वाट दाखवायची आहे.

‘लपवला’ या आरोपानं आत्या पैशापेक्षा जास्त दुखावली. आतोबा आयुष्यभर शाळेत हिशेब शिकवणारे मास्तर, दुकानदारानं दोन रुपये जास्त परत दिले तर नेऊन देणारे. तिनं मला विचारलं, “अगं, आपण खोटं बोललो असं लिहिलंय का त्यांनी?” लिहिलं तसंच होतं.

मग आम्ही डिस्चार्ज समरी काढली. दुसऱ्याच ओळीत होतं, ‘के/सी/ओ एचटीएन १० वर्षं’. म्हणजे रक्तदाबाचे जुने रुग्ण. ही ओळ कुठून आली ते आत्याला बरोबर आठवत होतं. भरती करताना ड्यूटीवरच्या मुलानं विचारलं, बीपी कधीपासून? आतोबांना बोलवत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, झाली असतील आठ-दहा वर्षं. कुणी म्हणालं ते नेमकं आठवत नाही, पण लिहिलं गेलं १० वर्षं. आणि कंपनीनं अख्खा क्लेम त्या ओळीवर टांगला. फॅमिली डॉक्टरांची पहिली बीपीची चिठ्ठी घरात होती, २०१९ ची. आत्या औषधांच्या चिठ्ठ्या दिव्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, वर्षवार, रबर लावून. त्या सवयीनं आम्हाला वाचवलं. ज्या डॉक्टरांनी स्टेंट टाकला त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की रक्तदाब २०१९ पासून आहे आणि समरीतली नोंद भरतीच्या वेळी तोंडी सांगण्यावरून झाली. डॉक्टर हे लिहून देतात. शांतपणे, जुनी चिठ्ठी दाखवून मागावं लागतं.

पण आमचा खरा आधार ही चिठ्ठी नव्हती. खरा आधार होता मॉरेटोरियम, आणि ही गोष्ट प्रत्येक पॉलिसीवाल्या घराला माहीत असली पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

नियम असा: आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला की त्यानंतर ‘तुम्ही माहिती दिली नाही’ किंवा ‘चुकीची दिली’ या कारणावरून कंपनी पॉलिसीला किंवा क्लेमला आव्हान देऊ शकत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. आणि सिद्ध करायची कंपनीनं. आधी ही मुदत ८ वर्षांची होती, १ एप्रिल २०२४ पासून ५ वर्षांची झाली. दुसरी महत्त्वाची गोष्ट: या ६० महिन्यांत पोर्टेबिलिटी धरली जाते. कंपनी बदलली म्हणून घड्याळ शून्यावर जात नाही.

आतोबांची पहिली पॉलिसी जून २०१८ ची, ३ लाखांची. जून २०२१ मध्ये एजंटच्या सांगण्यावरून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि रक्कम ५ लाख केली. पोर्ट करताना टॅबलेटवर फॉर्म एजंटनं भरला आणि रक्तदाबापुढे ‘नाही’ गेलं. कंपनीचं म्हणणं: आमच्याकडे तुम्ही २०२१ ला आलात, जानेवारी २०२५ पर्यंत ४३ महिने, म्हणून मॉरेटोरियम लागत नाही. आमचं म्हणणं: जून २०१८ पासून एकही खंड नाही, म्हणजे ७९ महिने. जुना ८ वर्षांचा नियम असता तर ७९ पुरले नसते, ९६ लागले असते. ६० साठी ते भरपूर होते.

यात एक बारकावा आहे आणि तो कुणीच सांगत नाही. वाढवलेल्या रकमेसाठी ६० महिने ती वाढवल्या तारखेपासून मोजतात. म्हणजे आमचे पहिले ३ लाख सुरक्षित, वरचे २ लाख नाहीत. बिल ३ लाखांच्या आत होतं म्हणून तो प्रश्न उठलाच नाही. पण ज्यांनी दोन वर्षांपूर्वी रक्कम ५ वरून १५ लाख केली आहे त्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आता तक्रारीची वाट. पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलनं. हे टाळून थेट लोकपालांकडे जाता येत नाही. लोक इथे चार-चार पानं लिहितात: रात्री किती वाजता दुखलं, रिसेप्शनवरची मुलगी कशी बोलली, हप्ते किती वर्षं भरले. मनातलं ओझं उतरतं हे खरं, पण वाचणाऱ्याला मुद्दा सापडत नाही. आम्ही एक पान लिहिलं. वर पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, नकाराच्या पत्राची तारीख. मग तारखांचा तक्ता: २०१८ पासूनचं प्रत्येक रिन्यूअल, प्रत्येकाची पावती जोडलेली. मग मॉरेटोरियमची ओळ. मग डॉक्टरांचं पत्र. शेवटी दोन प्रश्न. नकार देण्याआधी हा क्लेम तुमच्या क्लेम रिव्ह्यू समितीपुढे गेला होता का? आणि फसवणूक सिद्ध करणारा तुमच्याकडचा कागद कोणता? पहिला प्रश्न हवेतला नाही. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या आरोग्य विम्यावरच्या परिपत्रकानुसार त्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो.

त्याचबरोबर बीमा भरोसावर तक्रार नोंदवली. हे पोर्टल २०२२ पासून आहे, त्याआधी आयजीएमएस नावाचं पोर्टल होतं. नोंदणी सोपी. मोबाइलवर ओटीपी येतो, कंपनी निवडायची, पॉलिसी नंबर, तक्रारीचा प्रकार, थोडक्यात मजकूर, कागद जोडायचे, टोकन नंबर मिळतो. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी १५५२५५ या नंबरवर फोन करावा, हिंदीत आरामात बोलता येतं. कियोस्कवाली म्हणून सांगते, मोबाइलनं काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो जोडू नका. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात सरळ स्कॅन करून घ्या आणि प्रत्येक फाइलला नाव द्या: नकारपत्र, डिस्चार्ज समरी, पॉलिसी २०१८. ‘स्कॅन ००४७’ नावाच्या बारा फाइली उघडून बघायला समोरच्यालाही त्रास होतो.

पोर्टल काय करतं? टपालखात्याचं काम करतं, आणि ते नीट करतं. तुमची तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोचते, तिची पोच राहते, कंपनीला साधारण दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं, आणि नियामकाला दिसतं की कुणाच्या नावावर किती तक्रारी पडल्या आहेत. पण आयआरडीएआय स्वतः क्लेमचा निकाल देत नाही. कोण खरं, कोण खोटं, हे ते ठरवत नाहीत. कंपनीनं तिथे उत्तर दिलं आणि तक्रार बंद दिसली, तर याचा अर्थ सरकारनं तुम्हाला खोटं ठरवलं असा मुळीच नाही. माझ्या काउंटरसमोर एक निवृत्त पोस्टमास्तर अक्षरशः रडले होते, “दिल्लीवाल्यांनीही नाही म्हटलं” म्हणून. कुणीही नाही म्हटलेलं नव्हतं. कंपनीनं आपलंच पहिलं पत्र पुन्हा पाठवलं होतं.

आमच्या कंपनीनंही नकार कायम ठेवला. उत्तरात लिहिलं की पॉलिसीच्या पुस्तिकेत मॉरेटोरियम ८ वर्षांचा आहे. पुस्तिका जुनी होती. रिन्यूअल जून २०२४ चं, क्लेम जानेवारी २०२५ चा, आणि पुढे केला जुना नियम. ते पत्र मी जपून ठेवलं, कारण पुढे तेच आमच्या कामाला आलं.

मग लोकपाल. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कंपनीनं उत्तरच दिलं नाही तर पत्र पाठवून महिना झाला की जाता येतं. भरपाईची मर्यादा ५० लाखांची, २०२३ पर्यंत ती ३० लाख होती. तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. अर्ज भोपाळला होशंगाबाद रोडवरच्या कार्यालयात देता येतो, पोस्टानं जातो, ऑनलाइनही होतो. आम्ही ऑनलाइन केला. तिकडून फॉर्म आला, त्यात नुकसानीची रक्कम आणि लोकपालांनी मध्यस्थी करावी याला संमती. आतोबांनी चष्मा लावून प्रत्येक रकाना वाचला आणि मगच सही केली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. आत्याला बसायला माझ्या कियोस्कची आतली खोली दिली, शटर अर्धं ओढून घेतलं, समोर कागद क्रमानं लावून दिले. बोलायचं आत्या-आतोबांनीच, कारण तक्रारदाराच्या बाजूनं वकील किंवा एजंट चालत नाही. मला हा नियम फार आवडतो. शिकलेल्या वकिलापुढे शाळामास्तर लहान होत नाही.

सुनावणी लांबलचक नव्हती. कंपनीनं आपलं लेखी म्हणणं आधीच दिलेलं असतं, त्याची प्रत आम्हालाही मिळाली होती. त्यात ७९ महिन्यांचा उल्लेखच नव्हता, फक्त ४३. आतोबांनी हिंदीत, वर्गात शिकवायचे तसं, तक्त्यावर बोट ठेवत वर्षं वाचून दाखवली. मग कंपनीच्या माणसाला विचारणा झाली, पोर्ट करताना जुन्या कंपनीकडून इतिहास आला होता का. आला होता. पोर्टिंगमध्ये तो येतोच, आणि त्यांच्याच जोडपत्रात २०१८ ही तारीख छापलेली होती. फसवणुकीचा पुरावा विचारल्यावर पुन्हा तीच डिस्चार्ज समरीची ओळ पुढे आली. आत्यानं २०१९ ची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली. तिचा हात थरथरत होता, पण आवाज नाही.

निवाडा आमच्या बाजूनं झाला. नियमानुसार सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो द्यावा लागतो, आणि निवाड्यानंतर ३० दिवसांत कंपनीनं पाळावा लागतो. आता उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात, म्हणून कंपन्याही ताणत नाहीत. आमच्या खात्यात मूळ रक्कम आणि व्याज आलं. व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेचा बँक रेट अधिक २ टक्के. २,८६,४०० मधून हातमोजे, अ‍ॅडमिशन किट, असल्या न मिळणाऱ्या वस्तूंचे पैसे वजा झाले, ते होणारच होते. आत्यानं पैशाचा मेसेज नंतर पाहिला. आधी निवाड्याची प्रत छापून मागितली आणि माहिती लपवल्याचं सिद्ध होत नाही हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

उणीव सांगायची तर एक आहे, आणि ती नियमातच आहे. लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीपलीकडे काही देऊ शकत नाहीत. मोडलेल्या एफडीचं व्याज, मनस्ताप, महिनोन्‌महिने झालेली धावपळ, यांची भरपाई तिथे नाही. ती हवी असेल तर ग्राहक आयोगात जावं लागतं, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. लोकपालांचा निवाडा पटला नाही तर विमेदाराला तो रस्ता मोकळाच राहतो. पण ६८ वर्षांच्या माणसाला मी आधी लोकपालच सुचवीन. आयोगात तारखा पडतात.

आणखी एक, जरा कडक शब्दांत. क्लेम नाकारला गेलेल्या लोकांचे नंबर कुठून तरी बाहेर जातात आणि मग फोन येतात, ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, इतकी फी भरा, क्लेम पास करून देतो’. आयआरडीएआय कुणाला असा फोन करत नाही, पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही. हे त्यांनी वेळोवेळी जाहीर केलेलं आहे. दुसरे असतात ते टक्केवारीवाले, ‘क्लेममधले २० टक्के द्या, लोकपालाचं सगळं आम्ही बघतो’. अर्ज विमेदारानं स्वतः, त्याच्या वारसानं किंवा नॉमिनीनं करायचा असतो. सुनावणीला तो टक्केवारीवाला बसूही शकत नाही. मग टक्के कशाचे? आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईंकडून असा चेक घेतलेला पाहिलाय मी, आणि अजून संताप येतो.

सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात आत्याच्या मैत्रिणींनी मला गाठून हेच सगळं विचारलं, म्हणून लिहून काढलं. माझ्याकडे येणाऱ्यांनी एवढं घेऊन यावं: नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी, सगळी बिलं, आणि पहिल्या वर्षापासूनची प्रत्येक पॉलिसी, जुन्या कंपनीचीसुद्धा. जुनी सापडत नसेल तर त्या कंपनीला ईमेल करून प्रत मागवा, किंवा बँकेच्या पासबुकातली हप्त्याची नोंद आणा. सध्या सुदामा नगरच्या एका काकूंचं मोतीबिंदूचं प्रकरण टेबलावर आहे. कंपनीला पत्र पाठवून अजून महिना झालेला नाही आणि त्यांना आजच लोकपालांकडे जायचं आहे. त्यांना मी महिना पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलंय, आणि तोवर २०१७ च्या पॉलिसीची पावती शोधून ठेवायला.